वाचकांचे प्रश्न : धक्का देणारा विनोद आणि मोठ्यांची कार्टून

प्रश्न : माझा सतरा वर्षांचा मुलगा ‘साउथ पार्क’ ही मोठ्यांसाठीची अमेरिकन कार्टून मालिका बघून पोट धरून हसतो. त्यातल्या शिव्या आणि किळसवाणे प्रसंग मला बघवत नाहीत. त्याला यात आवडतं तरी काय? आणि काळजी करावी का?
— एक आई, गंगापूर रोड

उत्तर : मर्यादा मोडली जाते, पण कुणाला खरी इजा होत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच क्षणी जाणवल्या की हसू फुटतं, अशी मांडणी पीटर मॅकग्रॉ आणि कॅलेब वॉरन या संशोधकांनी २०१० मध्ये केली. इजा नसल्याची खात्री इथे चित्र देतं. पहिल्या पाच पर्वांत केनी नावाचा मुलगा जवळजवळ प्रत्येक भागात मरतो आणि पुढच्या भागात शाळेत हजर असतो. हेच हाडामांसाच्या नटाने केलं तर तुमचा मुलगाही टीव्ही बंद करेल. आपल्याकडे शिमग्याच्या बोंबेला आणि तमाशातल्या सोंगाड्याला हीच मोकळीक होती. चारचौघांत बोलू नये ते त्याने बोलावं, हे सगळ्यांनी मान्य केलेलं असायचं.

काळजीची जागा वेगळी आहे. मालिकेतला कार्टमन हा मुलगा वांशिक द्वेष ओकतो, तेव्हा बहुतेक वेळा कथा त्याचंच पितळ उघडं पाडते. पाहणाऱ्याला ते कळलं नाही आणि तो कार्टमनचीच वाक्यं वर्गातल्या एखाद्या मुलावर फेकू लागला, तर विनोद नासला. दोन भाग त्याच्या शेजारी बसून बघा आणि एवढंच विचारा : यात हसं कुणाचं झालं? उत्तर देता आलं तर मुलगा नीट बघतोय.

वयाचं म्हणाल तर अमेरिकेतलं या मालिकेचं मानांकन सतराखालच्यांना वर्ज्य मानतं. आपल्याकडे २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार ‘ए’ वर्ग अठरापुढचा आहे, आणि यूए १३+ पासून वरच्या कार्यक्रमांना पालकांसाठी कुलपाची सोय देणं ओटीटी कंपन्यांना बंधनकारक आहे. घरात धाकटं भावंड असेल तर त्याचं प्रोफाइल वेगळं करा, वयोमर्यादा लावा आणि मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन टाका. पिन विसरला की लोक कुलूपच काढून टाकतात आणि सोय तिथेच संपते.

प्रश्न : आम्ही चौघांनी दोन मिनिटांची ॲनिमेशन फिल्म केली. तिरडीवरचा माणूस उठून मोबाइल मागतो, मग शिव्या, मग उलट्या. उठला तेव्हा हॉल हसला, नंतर सगळे गप्प. कुठे चुकलं?
— विद्यार्थी, कॉलेज रोड

उत्तर : सुरुवात फार चांगली आहे. पहिल्या धक्क्याने प्रेक्षक सावध होतो. त्यानंतर त्याच दिशेने आवाज वाढवत नेला, तर त्याला पुढचं आधीच दिसतं. ‘साउथ पार्क’चे निर्माते ट्रे पार्कर आणि मॅट स्टोन यांनी २०११ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना एक कसोटी सांगितली होती : दोन प्रसंगांमध्ये ‘आणि मग’ येत असेल तर गोष्ट मेली, ‘म्हणून’ किंवा ‘पण’ यायला हवं. तुमच्याकडे सगळे सांधे ‘आणि मग’चे आहेत. तो मोबाइल मागतो, पण मोबाइल मुलाच्या खिशात आहे. म्हणून मुलगा घाईने गुरुजींना म्हणतो, ‘आटपा लवकर.’ आता धक्का मढ्याचा राहिला नाही, मुलाच्या भीतीचा झाला. हा विनोद टिकेल, कारण मोबाइलमध्ये काय दडलंय याची भीती हॉलमधल्या प्रत्येकाला आहे.

दुसरी चूक बहुधा प्रतिक्रियांची. मढं उठल्यावर सगळे किंचाळले, तर प्रेक्षकाला करायला काही उरत नाही. चेहरे ढिम्म ठेवा. सेकंदाला २४ फ्रेम धरून धक्क्यानंतर १२ ते १६ फ्रेम काहीच हलवू नका, संगीतही बंद. उलटी चौकटीबाहेर, नुसत्या आवाजात, एक सेकंद. पूर्ण रंगवली की किळस हसण्यावर मात करते.

दर चित्र दोन फ्रेम धरलं तरी दोन मिनिटांना १,४४० चित्रं लागतात. म्हणून आधी संवाद ध्वनिमुद्रित करा, त्यावर कच्च्या रेखाटनांचा ॲनिमॅटिक (फिल्मचा हलता कच्चा आराखडा) लावा आणि गटाबाहेरच्या पाच-सहा जणांना दाखवा. हसू कुठे येतं ती वेळ लिहून ठेवा. जिथे येत नाही तिथे शिवी घालू नका, तो प्रसंग कापा.

नेटवर टाकणार असाल तर लक्षात ठेवा : अश्लील मजकुराला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ आणि हेतुपुरस्सर धर्मभावना दुखावण्याला भारतीय न्याय संहितेचं कलम २९९ लागू होतं. चित्र आहे म्हणून सूट नाही.

प्रश्न : ‘साउथ पार्क’मध्ये इतकी ओबडधोबड चित्रं मुद्दाम काढतात का? घरी करून बघता येईल?
— पंचवटी

उत्तर : हो, दोन्ही. १३ ऑगस्ट १९९७ ला दाखवलेला ‘साउथ पार्क’चा पहिला भाग खरोखरच कागद कापून केला होता. नंतर संगणक आला, पण रूप तेच ठेवलं. साध्या चित्रांमुळे एक भाग साधारण सहा दिवसांत होतो, त्यामुळे ताज्या बातमीवर बोलता येतं. वस्तू इंचाइंचाने सरकवून चित्रित करायचं हे तंत्र आपल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्येच ‘आगकाड्यांची मौज’मध्ये वापरलं होतं, हे नाशिककरांनी अभिमानाने सांगावं.

घरी जाड कार्डशीट घ्या, हात-पाय-डोकं वेगळे कापा. प, ब, म साठी मिटलेलं तोंड. आ, ई, ऊ, ओ साठी एकेक. फ, व साठी दात ओठावर, अशी सहा तोंडं पुरतात. मोबाइल स्टँडवर वरून खाली बघत पक्का बसवा, सेकंदाला १२ फोटो. कॅमेऱ्यातलं एक्स्पोजर (उजेड) आणि व्हाइट बॅलन्स (रंगछटा) लॉक करा, नाहीतर चित्र लुकलुकतं. खिडकी झाका, कारण ऊन सरकतं. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूबखाली शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा. पंखा बंद करा. एक तोंड उडालं की अख्खा शॉट पुन्हा.