ओळखीचं कुणी भेटलंच तर?

"मॅडम, सगळं पटतंय. पण सांगली केवढी? तिथं ओळखीचं कुणी भेटलंच तर?"

दारू सोडायला आलेल्या बहुतेकांकडून मी हे ऐकते. गोळ्या चालतात, ॲडमिट व्हायचीही तयारी असते. दारू सोडू पाहणारे जिथं एकमेकांना आपले अनुभव सांगतात त्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे एएच्या मीटिंगचं नाव काढलं की मात्र खुर्ची मागं सरकते. म्हणून आप्पांची गोष्ट सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

आप्पा मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी. नखांच्या कडा कायम पिवळ्या. सकाळी पट्टी लिहिताना हात थरथरायचा, म्हणून घरातून निघतानाच 'औषधापुरती' घ्यायचे. ही थरथर ऐकली आणि मी त्यांना मीटिंगला नाही, आधी डॉक्टरांकडे पाठवलं. रोज भरपूर पिणाऱ्यानं आपल्या मनानं एकदम बंद केली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावर बेतू शकतं. देवासमोर उभं करून 'आजपासून बंद' अशी शपथ घालणाऱ्या घरच्यांना हे मी दरवेळी बजावते.

तब्येत सावरली, मग मीटिंगचा विषय काढला. आप्पा म्हणाले, "कोल्हापूरला जातो." मी म्हटलं, जा. लांबच्या गावानं सुरुवात करण्यात काही कमीपणा नाही. दोन आठवडे ते जाऊन आले. तिसऱ्या आठवड्यात एसटी चुकली, चौथ्यात सौदे लांबले. पाचव्यांदा कारण सांगायला लागले तेव्हा मी विचारलं,

"तुम्ही पिता हे यार्डात कुणाला माहीत नाही?"

आप्पा हसले. "हमालांनी दोनदा रिक्षात घालून घरी पोचवलंय मला."

"मग कळायचं काय राहिलंय?"

बराच वेळ ते अंगठ्याच्या नखातली हळद कोरत बसले. मीही काही बोलले नाही. मग खाली बघतच म्हणाले, "सोडायला गेलतो, हे कळंल. आणि परत प्यालो तर? पिणाऱ्याला कोण हसत नाही ओ मॅडम. सोडून परत पिणाऱ्याला हसतात."

इतकी वर्षं मी या काळजीला एकच उत्तर देत होते: तिथं आडनाव विचारत नाहीत, फी नाही, बोलायची सक्ती नाही, ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही. सगळं खरं, पण प्रश्नच वेगळा होता. माणसाला प्यायची लाज वाटत नव्हती. चारचौघांत प्रयत्न करायची वाटत होती.

मी त्यांना एक वाक्य कागदावर लिहायला सांगितलं: 'मला जमलंच पाहिजे.' माझा अनुभव असा, की मराठी माणसाचं निम्मं दुखणं या 'च'मध्ये असतं. "आता तेवढा 'च' खोडा." आप्पांनी एक आडवी रेघ मारली आणि बाजूला बारीक सही केली. मी बघतच राहिले. "खाडाखोड केली की सही करायची असते, मॅडम." तो कागद अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

मग त्यांना एएच्या जन्माची गोष्ट सांगितली. 1935 साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावात बिल नावाचा शेअर दलाल आणि डॉ. बॉब नावाचे सर्जन भेटले. डॉक्टरांनी सोडली, एका अधिवेशनाला गेले आणि परत प्याले. त्यानंतरचा त्यांचा शेवटचा घोट 10 जूनचा. जगभर एएची स्थापना त्याच तारखेपासून मोजतात. "म्हणजे मालकच घसरलेला?" आप्पा म्हणाले. पुढच्या आठवड्यात ते सांगलीतल्याच मीटिंगला गेले.

ओळखीचं भेटलं का? भेटलं. पेठेतलाच एक जण उभा राहून सांगत होता, "चार वर्षं बंद होती. मग प्यालो. आज अकरावा दिवस." लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणी हसलं नाही. आप्पांनी हे मला तीनदा सांगितलं.

तुम्हाला जायचं असेल तर जवळच्या व्यसनमुक्ती केंद्रात विचारा, किंवा 14446 या राष्ट्रीय हेल्पलाइनला फोन करा. ऑनलाइन मीटिंगाही असतात. 'ओपन' मीटिंगला घरचं माणूस सोबत चालतं, 'क्लोज्ड' फक्त स्वतःची दारू सोडायची असलेल्यांची. पहिल्या दिवशी मागं बसा, चहा प्या, ऐका. एका मीटिंगवरून मत बनवू नका. गट बदलला की सूर बदलतो. प्रार्थना असते, आणि माझ्यासारखीला ती थोडी खटकते. पण दारू सोडण्यासाठी एएनं आखलेल्या बारा पायऱ्यांमध्येच 'आम्हाला समजलेला ईश्वर' असे शब्द आहेत, आणि काही नास्तिक मंडळी गटालाच त्या ईश्वराच्या जागी मानून निवांत बसतात. बायकोला नवऱ्याच्या मीटिंगवर पहारा द्यायला पाठवू नका. तिच्यासाठी अल-ॲनॉन हे वेगळे गट आहेत, 1951 पासून.

आप्पा मध्ये एकदा घसरले, भाच्याच्या लग्नात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तडक मीटिंगला गेले, उभं राहून सांगितलं. मला कळलं आठवड्यानं, तेही बोलता बोलता. खरं सांगायचं तर मला जरा लागलंच, आधी माझ्याकडे का नाही आले म्हणून. मग तो 'च' मीच खोडला.