नाव सोड, जागा धर

सोलापूर

चि. … हिला अनेक आशीर्वाद,

सोलापूरच्या जुन्या नाटकगृहांवर लिहायचं तू ठरवलंस, फार बरं वाटलं. हे काम कोणीतरी नेटानं करायलाच हवं आहे.

पहिली गोष्ट, थिएटरच्या नावामागे धावू नकोस. मालक बदलला की नाव बदलतं. एकाच नावाची दोन थिएटरं वेगवेगळ्या पेठांत असू शकतात, आणि एकाच जागेला चार नावं. जमिनीचा सिटी सर्व्हे नंबर मात्र सहसा टिकतो. नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढ. तिच्यावर फेरफाराच्या, म्हणजे मालकी बदलल्याच्या, नोंदी तारखेसह असतात. त्या धरून मागे जात राहा आणि प्रत्येक नावापुढे कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत ते लिही. नोंदीत फक्त ‘इमारत’ लिहिलेलं असेल तर तिथे नाटकगृहच होतं असं धरू नकोस. नगरपालिकेची बांधकाम परवानगी किंवा वर्तमानपत्रातली जाहिरात सापडेपर्यंत थांब. जुन्या अंकांसाठी हिराचंद नेमचंद वाचनालयात आधी चौकशी कर.

आता नाटकांच्या जाहिरातीच्या पत्रकांविषयी. खरा खजिना तोच. समज, तुझ्या हाती ‘मानापमान’चं पत्रक आलं. त्यावर ‘शनिवार ता. 5 नोव्हेंबर’, तिकिटं रुपया-आण्यांत, आणि साल नाही. 5 नोव्हेंबरला शनिवार 1910, 1921, 1927, 1932, 1938, 1949 आणि 1955 साली होता. नाटक पहिल्यांदा झालं मार्च 1911 मध्ये, म्हणून 1910 बाद. आणे आहेत म्हणजे 1 एप्रिल 1957 ला नवे पैसे आले त्याच्या आधीचं. 1960 लाही तोच वार येतो, पण तो इथे गळतो. दराखाली ‘करमणूक कर वेगळा’ असेल तर 1921 सुद्धा गेलं, कारण मुंबई इलाख्यात हा कर 1923 च्या कायद्यानं आला. उरलेल्या पाच सालांतून कंपनीचं आणि नटांचं नाव वाट दाखवेल. पुरुषांबरोबर स्त्री नटांची नावं छापली असतील तर 1927 वर माझा विश्वास बसणार नाही, तेव्हा स्त्रियांच्या भूमिका सहसा पुरुषच करत. सगळं जुळेपर्यंत वहीत पाचही सालं लिहून ठेव. घाईनं एकच निवडलंस की पुढचे सगळे ते साल तसंच उतरवून घेतील.

इसवी सनाऐवजी शक देणारं पत्रक असेल तर आपल्या गावात एक खड्डा हमखास आहे. शकात 78 मिळवून इसवी सन काढायची सगळ्यांना सवय. पण जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत 79 मिळवावे लागतात. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा नेमकी संक्रांतीला! शके 1849 च्या पौषातलं यात्रेचं पत्रक 1927 चं नाही, 1928 चं. यात्रेतल्या खेळांच्या तारखा एक वर्ष मागे सरकतात त्या यामुळेच.

मे-जून 1930 मधल्या रात्रीच्या खेळाची नोंद मिळाली तर दोनदा तपास. गावात तेव्हा मार्शल लॉ होता.

पत्रकाच्या तळाशी बारीक टाइपात छापखान्याचं नाव असतं. 1867 च्या कायद्यानं ते छापणं भाग होतं. फ्रेममध्ये बसवताना लोक नेमकी तीच पट्टी कापतात. म्हणून फोटो काढताना चारही कडा घे, मागची बाजू घे, शेजारी मोजपट्टी ठेव. कागदाला सेलोटेप लावू नकोस, लॅमिनेशन तर मुळीच नको.

इमारत बघायला जाशील तेव्हा टॉकी (बोलपट) आली म्हणून नाटकगृहाचं सिनेमागृह झालं का, हे प्रोजेक्टरच्या खोलीवरून ओळखता येतं. मुळात सिनेमासाठी बांधलेल्या घरात ती खोली मूळ भिंतीतच असते. नंतर केलेली असेल तर बाल्कनीमागे विटांचा सांधा दिसतो, प्रोजेक्टरच्या झोतासाठीची भोकं मागाहून फोडल्यासारखी वाटतात. मग पडद्यामागे जा. खोल रंगमंच, वर गुंडाळी पडद्यांच्या कप्प्या किंवा त्यांचे हुक, बाजूला रंगपटाची खोली, यांतलं काय काय उरलंय ते मोज आणि टेपसकट फोटो घे. गिलावा नवा असेल तर खुणा झाकल्या जातात, तेव्हा काही दिसलं नाही म्हणजे काही नव्हतं असं लिहू नकोस.

म्हाताऱ्या माणसांना साल विचारू नकोस. तिकीट किती आण्यांचं होतं, मिलच्या कोणत्या पाळीनंतर खेळाला गेलात, घरी कोणाचं लग्न झालं होतं, हे विचार. 1940 मध्ये जन्मलेला माणूस गंधर्व नाटक मंडळीच्या भरभराटीतला प्रयोग सांगू लागला, तर ती वडिलांकडून आलेली आठवण आहे, कारण ती भरभराट त्याच्या जन्माआधीची. ती मोलाचीच, पण वेगळ्या रकान्यात लिही.

आणि फक्त मराठीत शोधू नकोस. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ उभं केलं, त्यामागे कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ होते. सोलापुरात तर कन्नड, तेलुगू, उर्दू घराघरांत. शहराच्या पूर्व भागात, तेलुगू वस्तीत, जाशील तेव्हा तेलुगू वाचणारी मैत्रीण बरोबर ने, नाहीतर निम्मी पत्रकं तुला दिसूनही कळणार नाहीत.

येत्या सोमवारी भूमापन कार्यालय उघडलं की आधी एकाच जागेची पत्रिका माग. ती हाती आली की मला कळव, मग फेरफार आपण मिळून वाचू.

तुझा,
काका