पोस्टरवरची सूट खिशात कधी येते?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : माझा मुलगा डॅलसला असतो. त्याच्या फॅमिली प्लॅनवर तो, सून आणि सुनेचा भाऊ अशा तीन लाइनी, म्हणजे तीन नंबर आहेत. गणपतीला येताना मला आयफोन आणतो म्हणाला. आधी म्हणाला जवळजवळ फुकट पडतोय, मग म्हणाला माझी लाइन अपग्रेडला एलिजिबल नाही, आता सुनेच्या लाइनवर घेतो म्हणतोय. तसं ते दोघं वर्षभरात बेळगावला कायमचे परत यायच्या विचारात आहेत. फुकट असेल तर घ्यायला काय हरकत आहे ओ?
– एक मावशी, शहापूर, बेळगाव

उत्तर : मावशी, तुमचं शेवटून दुसरं वाक्य आहे ना, परत यायचं, हरकत तिथंच आहे. तिकडं बरेच लोक फोन सिम कंपनीकडनंच हप्त्यावर घेतात. एटी अँड टी आणि व्हेरायझनचे हप्ते 36 महिन्यांचे, टी-मोबाइलचे बहुतेक 24. आणि पोस्टरवर सातशे-आठशे डॉलर सूट लिहिलेली असते ती काउंटरवर कापून देत नाहीत, तेवढ्याच महिन्यांत वाटून दर महिन्याच्या बिलातनं थोडी थोडी वजा करतात. समजा फोन 900 डॉलरचा, हप्ते 36, म्हणजे महिना 25. सूट 720 ची, म्हणजे बिलात महिना 20 वजा. मुलाच्या खिशातनं जातात 5, म्हणून त्याला फुकट वाटतंय. आता 12 महिन्यांनी लाइन बंद करून पोरं इकडं आली की उरलेल्या 24 हप्त्यांचे 600 डॉलर एकदम भरायचे, आणि सवलतीचे 480 राहिले होते ते गेलेच. शिवाय बऱ्याच राज्यांत सेल्स टॅक्स पहिल्याच दिवशी आणि पूर्ण किमतीवर घेतात, सूट वजा करून नव्हे.

एलिजिबल म्हणजे नवा फोन घ्यायला पात्र, ते घराचं नसतं, एकेका लाइनचं असतं. मुलाच्या लाइनवर आधीच्या फोनचे हप्ते चालू असणार, ते फिटेपर्यंत साधारण नवीन फोन मिळत नाही. काही प्लॅनमध्ये महिन्याला जास्तीचे पैसे भरून निम्मे हप्ते झाले की जुना फोन परत द्यायचा आणि नवा घ्यायचा अशी सोय असते, पण ते वेगळं पाकीट. मग राहिलेले पैसे एकदम भरून मोकळं व्हावं असं त्याला वाटेल, तर थांब म्हणावं, काही कंपन्यांत हप्ते आधी फेडले की बिलातली सूटही तिथंच थांबते.

आणि लाइन एलिजिबल झाली म्हणून ऑफर लागू झाली असं होत नाही, ही गफलत सगळ्यात जास्त होते. ऑफरच्या अटी वेगळ्याच. कधी नवीन लाइनच लागते, कधी महागातला अनलिमिटेड प्लॅन लागतो आणि मधेच स्वस्त प्लॅनवर गेलं की सूट बंद, कधी जुना फोन ठरलेल्या मुदतीत द्यावा लागतो, त्याची काच फुटलेली नको, फाइंड माय (हरवलेला आयफोन शोधायची सोय) बंद केलेलं हवं, नाहीतर हजाराच्या जागी चिल्लर हातात येते.

तुमच्या कामाचं अजून एक. हप्त्यावरचा फोन सहसा त्या कंपनीला लॉक असतो. एटी अँड टी तर पूर्ण पैसे फिटल्याशिवाय अनलॉक करत नाही, म्हणजे तो फोन इकडं आणला तरी त्यात आपलं सिम चालायचं नाही. अमेरिकेतल्या आयफोनला 14 पासून पुढं सिमचा खाचाच नाही, ई-सिम (कार्डाशिवाय फोनमध्येच चालू होणारं सिम) करून घ्यावं लागेल, ते जिओ, एअरटेल, व्हीआय तिन्हीकडं होतं. मला विचाराल तर मुलाला सांगा, आणायचाच असेल तर पूर्ण पैसे देऊन अनलॉक्ड घे, नाहीतर खडेबाजारात आपण दोघं जाऊन बघू की.

प्रश्न : निपाणीत दुकानदार म्हणतो नो कॉस्ट ईएमआय, एक रुपया जास्त नाही. खरं काय?
– एक वाचक, चिक्कोडी

उत्तर : अर्धं खरं. बँक व्याज लावतेच, तेवढीच सूट किमतीत दाखवून ते झाकतात. रिझर्व्ह बँकेनं 2013 मध्येच सांगितलंय की शून्य टक्के व्याज असं काही नसतं. व्याजावर 18 टक्के जीएसटी तुमच्याच कार्डावर येतो. व्याज 1,500 असेल तर 270 रुपये, वर प्रोसेसिंग फी. रोखीनं किती कमी करतो ते आधी विचारा, मग ईएमआयचं नाव काढा.

प्रश्न : मी राहतो बेळगावात, कामाला शिनोळीला. दोन महिन्यांपूर्वी चंदगडात सिम घेतलं. आता बेळगावात पोर्ट करून (नंबर तोच ठेवून कंपनी बदलून) या आणि फोनवर कॅशबॅक घ्या अशी ऑफर आहे. मला बसते का?
– एक कामगार, बेळगाव

उत्तर : आज नाही बसत. नवीन सिम 90 दिवस जुनं झाल्याशिवाय पोर्टचा कोडच मिळत नाही. शिवाय चंदगडचं सिम महाराष्ट्र सर्कलचं (सर्कल म्हणजे मोबाइल सेवेचा विभाग), बेळगाव कर्नाटकात, रोमिंगला आता पैसे पडत नसले म्हणून आपल्या लक्षात येत नाही एवढंच. ऑफर एखाद्या सर्कलपुरती असू शकते, ते दुकानात विचारून घ्या. पोर्ट दुसऱ्या सर्कलमध्ये होतं, पण कामाचे 5 दिवस धरा, एकाच सर्कलमध्ये 3.

कॅशबॅकचं मात्र बारीक अक्षरात वाचा. 2017 च्या जिओफोनचे 1,500 रुपये डिपॉझिट परत मिळायचे ते तीन वर्षांनी. एअरटेलनं 2021 मध्ये 6,000 ची ऑफर काढली होती, ती 36 महिने सलग ठरावीक रिचार्ज मारणाऱ्यालाच, दोन तुकड्यांत, 18 महिन्यांनी आणि 36 महिन्यांनी. तुमची नोकरी सीमेच्या अलीकडं-पलीकडं होत असेल तर एवढे महिने एकच रिचार्ज चालू ठेवणार का, हे बघून ठरवा.

प्रश्न : एक्स्चेंजमध्ये दिलेला जुना फोन गैरवापरात गेला तर?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : देण्याआधी अकाउंट काढून फोन रिसेट करा, स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, लिहून घ्या आणि तो नंबर घातलेली पावती घ्या. पावती देत नसेल तर तिथं फोन देऊ नका. आधीच दिला असेल आणि दुकानदार टाळत असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915.