पिकअपची बॅटरी मागच्या हौद्यात हलवताना

प्रश्न : डोंगरवाटांसाठी माझ्या डिझेल पिकअपला विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारे यंत्र) बसवली असून बॉनेटखाली जागा उरलेली नाही. बॅटरी मागच्या हौद्यात हलवणे सुरक्षित ठरेल का?

उत्तर : ठरेल, मात्र खरा प्रश्न जागेचा नसून केबलचा आहे. डिझेल इंजिनाचा स्टार्टर ३०० अँपिअर किंवा त्याहून अधिक प्रवाह ओढू शकतो, आणि बॅटरी ५ मीटर दूर गेली, तर २५ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या केबलमध्येच सुमारे १ व्होल्ट खर्ची पडतो. ७० चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये ही घट ०.४ व्होल्टच्या आत राहते. येथे काटकसर कृपया करू नका. ऋण टोक चासीला, म्हणजे गाडीच्या धातूच्या सांगाड्याला, जोडल्यास चासी आणि इंजिन यांच्यामधील अर्थिंगची पट्टीही तितकीच जाड हवी, आणि नेमकी हीच गोष्ट पुष्कळदा विसरली जाते.

धन केबल चासीच्या कडेवर घासून उघडी पडली, तर शॉर्टसर्किट होऊन गाडी पेट घेऊ शकते. त्यामुळे योग्य क्षमतेचा फ्यूज बॅटरीच्या धन टोकालगतच बसवावा, आणि केबल संरक्षक नळीतून, सायलेन्सरपासून दूर न्यावी. पत्र्यातून जाते तेथे रबरी बूश हवेच. खडकाळ वाटेवर बॅटरी उसळू नये म्हणून तिची पेटी बोल्टने घट्ट आवळावी. साधी पाण्याची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. म्हणून पेटीला हवा खेळती राहील अशी वाट ठेवावी. केबिनमध्ये अशी बॅटरी ठेवण्याचा विचार असेल, तर तो सोडून द्यावा.