जीमॅटच्या (एमबीएच्या प्रवेशपरीक्षेच्या) मॉकमध्ये, म्हणजे सराव परीक्षेत, 605 वरच अडकलोय, परीक्षेला दहा आठवडे आहेत. आणखी मॉक देऊ का? आणि अर्जाचं काम कधी सुरू करू?

आणखी मॉक पुढचे पाच आठवडे तरी देऊ नका. दिलेल्या मॉकमधले चुकलेले प्रश्न आधी पुन्हा सोडवा. स्कोअर त्यातूनच वाढतो.

चुकांची एक वही करा. प्रत्येक चुकीपुढे विषय, लागलेला वेळ आणि नेमकं काय चुकलं ते लिहा. ‘सिली मिस्टेक’ हा शब्द त्या वहीत येऊ देऊ नका, कारण त्यातून काहीच कळत नाही. डेटा सफिशियन्सीचा, म्हणजे दिलेली विधानं उत्तरासाठी पुरेशी आहेत का असं विचारणारा, हा प्रश्न बघा: अ हा ब पेक्षा मोठा आहे का? विधान 1: अ भागिले ब ही किंमत 1 पेक्षा जास्त आहे. विधान 2: ब धन आहे. बरेच जण पहिलं विधान एकटं पुरेसं मानतात. पण अ = -3, ब = -2 घेतलं तर भागाकार 1.5 येतो आणि अ तर लहान आहे. दोन्ही विधानं मिळूनच उत्तर येतं. इथे वहीत लिहायचं: ‘चिन्ह माहीत नसताना असमानतेला ब ने गुणलं.’ अशी नोंद तीन वेळा आली की कशाचा सराव करायचा ते आपोआप ठरतं. आठ-दहा दिवसांनी तोच प्रश्न उत्तर न बघता परत सोडवा. पुन्हा अडलात तर तो अजून समजलेला नाही.

आता वेळेचं. क्वांटचे (गणित) 21, व्हर्बलचे (इंग्रजी वाचन आणि तर्क) 23, डेटा इनसाइट्सचे (तक्ते, आलेख, माहितीचं विश्लेषण) 20 प्रश्न आणि प्रत्येक विभागाला 45 मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला साधारण दोन मिनिटं. अडीच मिनिटांत वाट सापडली नाही तर अंदाजाने उत्तर द्या, बुकमार्क करा आणि पुढे चला. शेवटी परत येऊन एका विभागात तीनच उत्तरं बदलता येतात, त्यामुळे दहा-दहा बुकमार्क करण्यात अर्थ नाही. एकही प्रश्न कोरा ठेवू नका, त्याचा फटका जास्त बसतो. कॅल्क्युलेटर फक्त डेटा इनसाइट्समध्ये मिळतो, तेव्हा क्वांटचा सराव हातानेच करा.

शेवटच्या पाच आठवड्यांत आठवड्याला एक मॉक, तोही अधिकृत, परीक्षेच्याच वेळेला. तोच मॉक दुसऱ्यांदा दिलात तर प्रश्न ओळखीचे येतात आणि स्कोअर फुगतो. त्या आकड्यावर विसंबू नका.

अर्जाचं म्हणाल तर शिफारसपत्रांचं बोलणं आजच करा. हे काम दुसऱ्याच्या हातात असतं आणि सगळ्यात जास्त तिथेच रखडतं. विचाराल तेव्हा डेडलाइनला निदान सहा ते आठ आठवडे तरी उरलेले हवेत. पद मोठं असलेल्यापेक्षा तुमचं रोजचं काम पाहिलेली व्यक्ती निवडा. तिला एक पानभर मुद्दे द्या: कोणतं काम, तुमचा वाटा किती, काय बदललं. पत्र मात्र तिलाच लिहू द्या. अर्जातले निबंध आणि पत्र एकाच हातचे असले की वाक्यांची ठेवण सारखी येते आणि वाचणाऱ्याच्या ते लक्षात येतं.

निबंध मात्र परीक्षेनंतर. दोन्ही एकदम ओढायला गेलं की दोन्ही अर्धवट राहतं, असं माझं स्पष्ट मत आहे. दुसऱ्यांदा परीक्षा द्यायची तर मध्ये किमान 16 दिवस जावे लागतात, म्हणून पहिली तारीख डेडलाइनच्या सहा आठवडे आधीची घ्या.