गेरू, ऊन आणि रंगाईचे पाणी

प्रश्न : सोलापुरात आमचा टॉवेल रंगवण्याचा छोटा कारखाना आहे. गेरूतील लोहाचे ऑक्साइड उन्हात रंगाचे रेणू मोडते, असे वाचनात आले. म्हणून शेवटच्या धुलाईचे निळे पाणी काचेच्या बरणीत घेतले, त्यात वस्त्रगाळ गेरू ढवळला आणि बरणी दिवसभर गच्चीवर ठेवली. संध्याकाळी गाळ बसल्यावर वरचे पाणी बरेच फिके झाले होते. हा उन्हाचा परिणाम समजावा काय?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : एकाच बरणीवरून तसे म्हणता येणार नाही. तेवढ्याच पाण्यात तेवढाच गेरू घालून दुसरी बरणी काळ्या कापडात गुंडाळून शेजारी ठेवावी आणि तिसरीत गेरू न घालता नुसते रंगाचे पाणी उन्हात ठेवावे. अंधारातली बरणीही तेवढीच फिकी झाली, तर रंग मोडलेला नसून गेरूच्या कणांना चिकटून तळाशी बसला आहे. गाळावर धुण्याच्या सोड्याचे पाणी ओतून ढवळल्यास असा चिकटलेला रंग पुष्कळदा पुन्हा सुटतो. सुटला नाही म्हणून तो मोडला, असे मात्र सिद्ध होत नाही.

गेरूला लाली देणारे खनिज म्हणजे हेमाटाइट. सुमारे २.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (प्रकाशकणाची ऊर्जा मोजण्याचे एकक) एवढ्या ऊर्जेचा प्रकाश त्याला पुरतो, म्हणजे जांभळ्यापासून पिवळ्यापर्यंतचा बहुतेक दृश्य प्रकाश ते शोषते. फुजिशिमा आणि होंडा या जपानी शास्त्रज्ञांच्या १९७२ च्या, प्रकाशाने पाण्याचे विघटन करण्याच्या प्रयोगामुळे गाजलेल्या टायटॅनियम डायऑक्साइडला ३ ते ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. त्याची मदार मुख्यतः अतिनील किरणांवर असते आणि उन्हात त्यांचा वाटा जेमतेम पाच टक्के असतो. या हिशेबाने सोलापूरच्या उन्हात हेमाटाइटनेच बाजी मारायला हवी, पण प्रत्यक्षात ते मागे पडते.

याचे कारण असे की, प्रकाश शोषल्यावर स्फटिकात एक इलेक्ट्रॉन मोकळा होतो व त्याच्या जागी धनभारित पोकळी उरते, आणि रंगाच्या रेणूवर काही परिणाम व्हायचा तर यांपैकी कोणीतरी कणाच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचावे लागते. हेमाटाइटमध्ये ही पोकळी दोन-चार नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) सरकते न सरकते तोच इलेक्ट्रॉन तिच्यात परत पडतो आणि शोषलेल्या ऊर्जेची नुसती उष्णता होते. वस्त्रगाळ गेरूचा कण हजारो नॅनोमीटरचा असल्याने त्याच्या पोटात शोषलेला प्रकाश वायाच जातो. शिवाय या इलेक्ट्रॉनची ऊर्जा पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनला सहजी पकडता येईल इतकी नसते, त्यामुळे तो तिथेच रेंगाळतो. प्रयोगशाळांत हेमाटाइटच्या नॅनोमीटर जाडीच्या काड्या वाढवतात, त्यांत कथील किंवा टायटॅनियम मिसळतात, ते याच अडचणींवर तोडगा म्हणून.

पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड घातले की चित्र पालटते. रेंगाळणारा इलेक्ट्रॉन पृष्ठभागावरील तीन भारांच्या लोहाला दोन भारांचे करतो, ते लोह पेरॉक्साइडचा रेणू फोडते आणि त्यातून रंगाच्या रेणूवर तुटून पडणारे हायड्रॉक्सिल मूलक (अतिशय क्रियाशील, अल्पजीवी कण) निर्माण होतात. या क्रियेचे मूळ ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ फेंटन यांनी १८९४ मध्ये दाखवले होते. हेमाटाइटचा खरा उपयोग मला इथे दिसतो. नुसत्या गेरूवर भिस्त ठेवू नये.

तरीही आपल्या कारखान्यातील मुख्य रंगपात्राच्या पाण्याला हा उपाय जसाच्या तसा लागू पडणार नाही. ही क्रिया सामू (पीएच) तीनच्या आसपास, म्हणजे आम्लयुक्त पाण्यात, उत्तम चालते. सुती टॉवेलांच्या रिॲक्टिव्ह रंगाईत (धाग्याशी रासायनिक बंध जोडणाऱ्या रंगांच्या रंगाईत) मात्र मीठ आणि सोडा ॲश भरपूर वापरतात. अशा अल्कधर्मी पाण्यात पेरॉक्साइड नुसतेच विघटित होऊन ऑक्सिजनचे बुडबुडे सोडते, आणि कार्बोनेट व क्लोराइड मूलकांना रंगापर्यंत पोहोचण्याआधीच गिळतात. शेवटच्या धुलाईचे पाणी त्या मानाने सोपे.

रंग गेला म्हणजे पाणी शुद्ध झाले, असेही नव्हे. ॲझो रंगातील, म्हणजे दोन नायट्रोजन अणूंच्या जोडीने सांधलेल्या रंगातील, हा नायट्रोजनचा दुवा तुटला की निळेपणा जातो, पण उरणारे बिनरंगी तुकडे कधी मूळ रंगापेक्षाही घातक असतात. म्हणून सीओडीची (पाण्यातील मळाचे रासायनिक ऑक्सिडीकरण करण्यास किती ऑक्सिजन लागतो, या मापाची) तपासणी करून घ्यावी, आणि नमुना देण्यापूर्वी त्यातील शिल्लक पेरॉक्साइड नष्ट करावे. अन्यथा सीओडीचा आकडा विनाकारण फुगलेला येतो.