'पिंग' या शब्दाचा मूळ अर्थ काय आणि तो कुठून आला?

तुमचा प्रश्न असा आहे की कार्यालयात जो तो "मला पिंग करा" म्हणतो, तेव्हा हा 'पिंग' कसले लघुरूप आहे, आणि पिंगपाँगशी त्याचे काही नाते आहे का. पणजीत बरीच वर्षे संगणकांच्या नेटवर्कचे काम पाहत असल्यामुळे 'पिंग' ही संगणकाची आज्ञा मी दिवसातून दहा वेळा तरी टाइप करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

लघुरूप वगैरे काही नाही, पिंग हा निव्वळ आवाज आहे. रिकाम्या पितळी वाटीच्या काठाला चमचा हलकेच लागला की जो बारीक, टोकदार नाद उठतो आणि लगेच विरतो, तो इंग्रजी कानाला 'पिंग' असा ऐकू येतो. 1830च्या दशकापासून हा शब्द इंग्रजीत आढळतो, तोही बंदुकीची गोळी कशावर तरी आदळल्याच्या आवाजासाठी. जुन्या इंग्रजीत टोचणे या अर्थाचे असेच दिसणारे एक क्रियापद होते, परंतु ते लॅटिनमधून आलेले, निराळ्या कुळातले.

नादावरून शब्द घडवण्याची ही रीत आपल्याला परकी नाही. काकणे किणकिणतात, नाणी खणखणतात आणि मंगेशीच्या देवळातली मोठी घंटा मात्र घणघणते. आवाज जसा भारदस्त होत जातो तसे 'कि'चे 'ख' आणि 'ख'चे 'घ' होते. पिंगपाँगमध्ये नेमके हेच घडले आहे, बारीक आवाजाला इकार आणि भरदार आवाजाला 'ऑ'. हे नाव चिनी असल्याचा समज सर्रास आढळतो, पण ते 1900 साली लंडनमध्ये व्यापारचिन्ह म्हणून नोंदवले गेले, आणि चिनी भाषेने ते इंग्रजीतून उचलून दोन चिन्हांत लिहिले. नाव मालकीचे असल्यामुळेच 1926 साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने टेबल टेनिस हे नाव घेतले.

शब्दाला खरे वळण मिळाले ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. पाणबुडी शोधण्यासाठी जहाजावरून पाण्यात सोडलेल्या ध्वनीच्या ठोक्याला नाविक पिंग म्हणू लागले. तोवर पिंग हा काहीतरी आदळल्याचा आवाज होता, आता तो उत्तराच्या अपेक्षेने मुद्दाम पाठवलेला आवाज झाला. मालिमच्या जेटीवर एका ट्रॉलरच्या केबिनमध्ये मी मासे शोधणारे असेच यंत्र जवळून पाहिले आहे. त्याचा ठोका माणसाच्या कानापलीकडचा असल्यामुळे ऐकू काहीच येत नाही, पडद्यावर फक्त तळाची जाड रेघ सरकत राहते. ध्वनी पाण्यात सेकंदाला सुमारे 1500 मीटर धावतो. तेव्हा तळ 30 मीटरवर असेल तर ठोका जाऊन परत यायला 40 मिलिसेकंद लागतात.

मिलिसेकंद म्हटले की मला माझा संगणक आठवतो. अमेरिकी लष्कराच्या एका प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माइक म्यूस यांनी डिसेंबर 1983 मध्ये, नेटवर्क नीट चालत नसताना, एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो दूरच्या यंत्राकडे एक पॅकेट, म्हणजे माहितीचे छोटे पुडके, पाठवतो, ते यंत्र जसेच्या तसे परत धाडते, आणि जाण्यायेण्याचा वेळ पडद्यावर उमटतो. पाणबुडीच्या यंत्राच्या आवाजावरून आपण हे नाव दिले, असे म्यूस यांनीच लिहून ठेवले आहे. 'पॅकेट इंटरनेट ग्रोपर' हा विस्तार मागाहून दुसऱ्याने जोडलेला आहे. परीक्षांच्या गाइडांत तो अजून पाठ करायला देतात, याचे मला वैषम्य वाटते. विंडोजवर ही आज्ञा चार वेळा विचारते, आणि समोरून काहीच आले नाही तर 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' ही ओळ चारदा दिसते. पावसाळ्यात केबल तुटली की आमची सकाळ तिनेच सुरू होते.

तिथून हा शब्द कार्यालयीन बोलीत शिरला. "पिंग करा" म्हणजे दोन शब्द पाठवून मी जागेवर आहे का ते पाहा, लांबलचक मेल नको. मराठीत यासाठी मला 'साद घालणे' सर्वांत जवळचे वाटते, कारण साद घालणारा पडसादासाठी कान देऊन थांबलेला असतो, आणि पिंगमध्येही नेमके तेच अभिप्रेत आहे.